इंजिन ऐकू यावं म्हणून

निसान ३७०झेड घेणारा माणूस इंजिनासाठी पैसे मोजतो. ३.७ लिटरचं व्ही-सिक्स, सव्वातीनशेहून जास्त हॉर्सपॉवर, आणि खालचा गिअर टाकताना आरपीएम आपोआप जुळवून देणारा मॅन्युअल गिअरबॉक्स. पण गाडी खडबडीत डांबरावर आली आणि काटा शंभरकडे सरकला, की हे इंजिन ऐकूच येईनासं होतं. कानात भरते ती मागच्या टायरांची सलग घरघर. म्हणून या गाडीचे कित्येक मालक सुट्टीच्या दिवशी सीट काढतात, कार्पेट उचलतात, पत्रा उघडा करतात आणि स्वतःच्या हातांनी डॅम्पिंग, म्हणजे पत्र्याची थरथर मारण्याचं काम, करायला बसतात. हा उद्योग मला फार आवडतो. भौतिकशास्त्र इतकं हाताला लागेल अशी कामं घरच्या पार्किंगमध्ये फारशी होत नाहीत.

जपानमधल्या तोचिगीच्या कारखान्यात बनलेली ही गाडी एवढी आवाज का करते, याचं उत्तर तिच्या गुणांतच आहे. आधीच्या ३५०झेडपेक्षा तिचा व्हीलबेस १०० मिलिमीटरने कमी केला, तो २५५० वर आला. गाडी वळणांवर चपळ झाली, पण मागचा अ‍ॅक्सल चालकाच्या पाठीला आणखी चिकटला. स्पोर्ट पॅकेजमध्ये मागे २७५/३५ आर१९ मापाचे रुंद टायर यायचे. वजन वाचवण्यासाठी दारं, बॉनेट आणि मागचं हॅच अ‍ॅल्युमिनियमचं केलं. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे ही हॅचबॅक आहे. सेडानमध्ये मागची सीट आणि तिच्यामागचा पत्रा डिकीतला आवाज अडवतात. इथे तशी भिंतच नाही. मागच्या चाकांच्या कमानींवर पातळ कार्पेट आणि प्लास्टिकचं ट्रिम, आणि तिथून कानापर्यंत मोकळी हवा.

हा आवाज दोन वाटांनी येतो आणि दोन्ही वाटांवरचा उपाय वेगळा आहे. रस्त्याचा खडबडीतपणा टायरला हादरे देतो, ते सस्पेन्शनच्या बुशांतून पत्र्यात शिरतात, आणि जमिनीचा नि कमानींचा पत्रा ढोलाच्या कातड्यासारखा थरथरून केबिनमध्ये आवाज सोडतो. हा जड, पोटात जाणवणारा आवाज साधारण ५०० हर्ट्झच्या खालचा. दुसरी वाट हवेची. टायरची नक्षी रस्त्यावर आपटते, तिच्या खाचांत हवा दाबली जाते आणि सुटते. हा आवाज ८०० ते १००० हर्ट्झच्या आसपास जोरात असतो आणि पत्र्यातून, फटींतून, रबर बीडिंगच्या कडेने आत येतो. याशिवाय टायरच्या आतल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो. रिमभोवतीच्या त्या गोल पोकळीत ध्वनीची एक पूर्ण लहर बसते तेव्हा ती हवा घुमते. एवढ्या मोठ्या टायरमध्ये हा सूर २०० हर्ट्झच्या जवळपास पडतो. खड्ड्यावरून किंवा पुलाच्या जोडावरून जाताना जो पोकळ ‘डुंग’ असा नाद येतो, त्यात त्याचा मोठा वाटा असतो.

रस्ता बदलला की हे सगळं बदलतं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवरून एखाद्या गुळगुळीत डांबरी रस्त्यावर उतरल्यावर गाडीत एकदम शांत वाटतं, हे आपल्यापैकी अनेकांनी अनुभवलेलं आहे. काँक्रीटवर पकडीसाठी आडव्या खाचा पाडतात, त्यावरून टायर ठरावीक लयीत आपटत जातो आणि शिट्टीसारखा सूर निघतो. गाडीत तेव्हा काहीच बदललेलं नसतं.

आता सामानाकडे. बाजारात ज्याला सरसकट ‘डॅम्पिंग शीट’ म्हणतात ती काळ्या चिकट थराची आणि वर चंदेरी फॉइलची असते. फॉइल उष्णता परतवण्यासाठी आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. तिचं खरं काम वेगळं आहे. पत्रा वाकतो तेव्हा त्याला चिकटलेला ब्युटाइल रबराचा थरही वाकू पाहतो, पण वरची अ‍ॅल्युमिनियमची फॉइल ताणली जायला तयार नसते. पत्रा आणि फॉइल यांच्यामध्ये रबर कातरलं जातं, आणि त्या कातरण्यात कंपनाची ऊर्जा किंचित उष्णता होऊन संपते. फॉइल पातळ किंवा ठिसूळ असेल तर रबर कितीही चांगलं असो, उपयोग अर्धा होतो. स्वस्त शीटमध्ये कंजूषी नेमकी इथेच केलेली असते.

या विद्येला मोठी परंपरा आहे. पत्र्यावर नुसता चिकट थर लावल्याने कंपन किती मरतं याचं गणित जर्मनीच्या हर्मान ओबर्स्ट यांनी १९५२ मध्ये मांडलं. वरून एक ताठ थर दिला तर परिणाम किती वाढतो, याचं विश्लेषण एडवर्ड केर्विन यांनी १९५९ मध्ये प्रसिद्ध केलं. ते अमेरिकेतल्या केंब्रिजच्या बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या कंपनीत होते. ब्युटाइल रबर त्याहून जुनं, १९३७ सालचं. सायकलपासून ट्रकपर्यंतच्या ट्यूबा त्याच्या झाल्या, कारण त्याच्या घट्ट बसलेल्या रेणूंतून हवा सहजी निसटत नाही. रेणूंची ही एकमेकांना खेटून बसण्याची सवय आतलं घर्षणही वाढवते. ब्युटाइलचा चेंडू जमिनीवर टाकला तर तो नावालाच उसळतो. उसळी न घेणारं रबर चेंडूसाठी कुचकामी असेल, थरथरत्या पत्र्यासाठी तेच लागतं.

आता प्रत्यक्ष काम. ३७०झेडमध्ये सुरुवात मागून करावी, असं माझं ठाम मत आहे. कारण डेसिबल साध्या बेरजेने वाढत नाहीत. समजा मागच्या बाजूने ७४ डेसिबल येतात आणि दारांतून ६८. एकत्र आवाज ७५. दारं संपूर्ण मुकी केली तरी ७४ उरतात, म्हणजे आठवडाभर घाम गाळून एक डेसिबल, जो कानाला कळतही नाही. ज्या वाटेने सर्वांत जास्त आवाज येतो ती आधी अडवायची, बाकीच्या वाटा नंतर.

हॅच उघडायचं, डिकीचं कार्पेट काढायचं, कडेच्या ट्रिमच्या क्लिपा प्लास्टिकच्या पट्टीने एकेक उचलायच्या. स्क्रू-ड्रायव्हरने उचलल्या तर तुटतात, आणि तुटलेली क्लिप पुढे कायम खडखडत राहते. सीट काढण्याआधी बॅटरीचं टर्मिनल सोडून थोडा वेळ थांबायचं, कारण सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे असतात. पत्रा उघडा झाला की बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहायची. जिथे ‘टण्ण’ येतं आणि नाद लांबत जातो तिथे शीट हवी. जिथे ‘ठक्’ येऊन आवाज मरतो तिथे नको. वळ्या, जोड आणि गोलाई असलेला पत्रा मुळातच ताठ असतो, तर चाकाच्या कमानीचा सपाट माथा आणि डिकीची जमीन सर्वांत जास्त वाजते. कारखान्यातून काही ठिकाणी डांबराचे तुकडे भट्टीत पत्र्यावर बसवलेले येतात. ते घट्ट असतील तर खरवडून काढण्यात अर्थ नाही.

पत्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडा करायचा. शीट हीट गनने कोमट केली की मऊ होते. मग ती मधून कडेकडे दाबत न्यायची आणि लाकडी किंवा लोखंडी छोट्या रोलरने रगडायची. फॉइलवर छापलेली नक्षी सपाट होईपर्यंत रगडायचं, ही खूण पक्की. खाली हवेचा फुगा राहिला तर तिथे शीट असून नसल्यासारखी. हातमोजे घालावेत, फॉइलची कापलेली कड ब्लेडइतकीच धारदार असते. आणि आता त्याच जागी पुन्हा टिचकी. मघाचं ‘टण्ण’ गेलेलं असतं, पुठ्ठ्यावर मारल्यासारखं ‘थप्’ येतं. काम बरोबर झालं की नाही, हे हाताला तिथल्या तिथे कळतं.

बहुतेकांचा हात इथे सुटतो आणि ते इंच न् इंच पत्रा चंदेरी करतात. गरज नसते. पत्रा सर्वांत जास्त हलतो तो मधोमध. त्या जागेवर साधारण पाव भाग झाकला की बराचसा लाभ पदरात पडतो, पुढे प्रत्येक शीटमागे मिळकत घटत जाते. चांगली ब्युटाइल शीट चौरस मीटरला दोन किलोच्या आसपास भरते. दीड टनाच्या स्पोर्ट्स कारमध्ये, जिचं हॅचसुद्धा वजनापायी अ‍ॅल्युमिनियमचं केलंय, तिथे उगाच पंधरा किलो चढवणं मला पटत नाही.

शिवाय डॅम्पिंग शीट आवाज अडवत नाही. ती पत्र्याचा नाद मारते, एवढंच. हवेतून येणाऱ्या आवाजाला भिंत लागते, आणि भिंतीचं बळ वजनात असतं. दर चौरस मीटर वजन दुप्पट केलं की साधारण सहा डेसिबल जास्त अडतात. म्हणून जड व्हिनाइलची लवचीक चादर वापरतात, चौरस मीटरला जवळपास पाच किलोची. ती पत्र्याला थेट चिकटवायची नाही, मध्ये बंद छिद्रांचा फोम द्यायचा, म्हणजे पत्र्याची थरथर चादरीत जात नाही. पण विक्रेते एक गोष्ट सांगत नाहीत. पत्रा, सहा मिलिमीटर फोम आणि व्हिनाइल ही मांडणी स्वतःच एक स्प्रिंग होते, आणि कागदावर हिशेब केला तर तिचा नैसर्गिक सूर ४५० ते ५०० हर्ट्झच्या आसपास येतो. त्याच्या वरचा आवाज ती झकास अडवते. खालची घरघर तिच्यातून जवळजवळ जशीच्या तशी येते. त्यासाठी जाड फोम लागतो, आणि गाडीत तेवढी जागा फक्त डिकीच्या जमिनीत आणि कमानींवर मिळते.

चादरीला भोक राहू देऊ नये. भिंतीचा एक टक्का भाग उघडा राहिला तर बाकीची भिंत कितीही भक्कम असो, एकूण अडवणूक वीस डेसिबलच्या पुढे जात नाही. म्हणून जोड एकमेकांवर चढवून टेपने बंद करायचे आणि वायरिंग जाते तिथली रबरी ग्रोमेट तपासायची.

ट्रिमच्या मागच्या पोकळ्यांत आवाज शोषणारा तंतूंचा थर भरायचा. थिन्सुलेटसारखा पाणी न धरणारा थर यासाठी उत्तम. साधा स्पंज कधीही नको. आपल्या पावसाळ्यात कार्पेटखाली ओलावा शिरतोच, आणि ओला स्पंज पत्र्याला चिकटून महिनोन्महिने बसला की गंज लागलाच म्हणून समजा. डांबरी शीटचंही तेच. स्वस्त मिळते, पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ती मऊ पडते, वास सुटतो, आणि दारासारख्या उभ्या पत्र्यावरून ओघळते. गुंडाळी विकत घेण्याआधी तिचा तुकडा हातात घेऊन वास घ्यावा. डांबराचा वास आला तर परत द्यावी.

दारांचा क्रमांक नंतर येतो, पण ३७०झेडमध्ये ती सोडूनही चालत नाही. एक मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम चौरस मीटरला २.७ किलो भरतं, पाऊण मिलिमीटर पोलाद सहाच्या जवळ. म्हणजे वजनाच्या नियमाने दाराचा बाहेरचा पत्रा मुळातच सहा डेसिबलने दुबळा. दाराचं पॅड काढलं की आत पाणी अडवणारा प्लास्टिकचा पडदा दिसतो. तो नीट जपून परत लावायचा. तळाशी पाणी निघून जाण्याची भोकं असतात, ती कुठल्याही शीटने बुजवायची नाहीत. काही गाड्यांत अपघाताची चाहूल घेणारा सेन्सर दाराच्या पोकळीतला हवेचा दाब मोजतो. तिथे आतली मोठी भोकं बंद करण्याआधी गाडीचं सर्व्हिस मॅन्युअल पाहणं अत्यावश्यक आहे.

इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या फायरवॉलला मात्र हात लावू नये. सगळा खटाटोप त्या व्ही-सिक्सचा आवाज पुन्हा पुढे यावा म्हणून आहे, त्याच्याच वाटेत भिंत घातली तर बाकीची मेहनत फुकट. खुद्द निसाननेही हाच विचार केलेला दिसतो. २०१५ च्या मॉडेलपासून बोस ऑडिओच्या गाड्यांत नको असलेला आवाज उलट्या ध्वनिलहरींनी खोडणारी आणि इंजिनाचा आवाज स्पीकरमधून खुलवणारी, अशा दोन यंत्रणा एकत्र दिल्या. यातली दुसरी मला तितकीशी रुचत नाही. खरं इंजिन दीड मीटरवर असताना त्याचा आवाज स्पीकरने का द्यावा?

शीटच्या गुंडाळीवर पैसे टाकण्याआधी टायरकडे बघावं. झिजून कडक झालेला किंवा खांद्यावर दातेरी झिजलेला टायर भलताच गोंगाट करतो, आणि कितीही ब्युटाइल लावलं तरी तो गोंगाट झाकला जात नाही. आतून फोम चिकटवलेले टायर मिशेलिन, कॉन्टिनेंटल, पिरेली या कंपन्या बनवतात. ते पोकळीतला २०० हर्ट्झचा सूर दाबतात, नक्षीचा आवाज नाही. युरोपात टायरवर आवाजाचं लेबल असतं, पण तो आकडा रस्त्याकडेला उभ्या माणसाला काय ऐकू येतं याचा आहे, केबिनचा नाही.

काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर एकदा मोजावं. तोच रस्ता, तोच वेग, टायरमध्ये तीच हवा, खिडक्या बंद, एसी बंद, आणि मोबाइल त्याच जागी धरलेला. मोबाइलवरची मापं बहुधा ‘ए’ प्रमाणाची असतात आणि हे प्रमाण जड आवाज मुद्दाम कमी मोजतं. घरघर निम्मी झाली तरी आकडा एखाद-दोनच उतरलेला दिसू शकतो. म्हणून आकड्याबरोबर ध्वनीचा आलेख दाखवणारं अ‍ॅप वापरावं आणि ५०० हर्ट्झच्या डावीकडे काय बदललं ते पाहावं.

घरघर उतरली की तिच्याखाली दडलेले आवाज वर येतात. खिडकीच्या वरच्या कडेला वाऱ्याची शीळ, डिफरन्शियलची बारीक किणकिण, पेट्रोल पंपाची गुणगुण, आणि डाव्या बाजूच्या ट्रिममध्ये कुठेतरी सैल राहिलेली एक क्लिप. ती शोधायला एक जण गाडी चालवतो आणि दुसरा मागे वळून तळहाताने एकेक ट्रिम दाबत जातो. कुठलं दाबल्यावर खडखड थांबते, ते बघून तिथे खडूची खूण करायची आणि घरी आल्यावर तेवढंच ट्रिम पुन्हा उघडायचं.