मजबूत गाडी म्हणजे नेमकी कोणती?

‘जुन्या गाड्या लोखंडाच्या; आताच्या म्हणजे नुसते पत्र्याचे डबे!’ हे वाक्य मी गॅरेजांत, प्रवासात, लग्नाच्या मांडवातही ऐकत आलो आहे. पुरावा म्हणून बहुधा प्रीमियर पद्मिनी पुढे केली जाते. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती बनत असे. तिचे मूळ मात्र १९५३ सालच्या इटालियन फियाट ११०० मध्ये. तिचा बंपर पोलादी, तर आजच्या गाडीचा प्लास्टिकचा. मग मजबूत कोणती? हे ठरवायचे तर गाडीपेक्षा आत बसलेल्या माणसाकडे पाहावे लागते.

ताशी ६४ किलोमीटर वेगाने आदळणे म्हणजे सुमारे १६ मीटर उंचीवरून, अर्थात पाचव्या मजल्यावरून पडणे. वेग शून्यावर येणारच; तो किती अंतरात येतो, हा खरा प्रश्न. क्रिकेटमध्ये झेल घेताना खेळाडू हात मागे नेतो, ते याचसाठी. थांबण्याचे अंतर दुप्पट झाले, की सरासरी फटका निम्मा होतो. गाडीचे नाक चेपले, तर हे अंतर मिळते. न चेपणारी गाडी तो फटका माणसाकडे पोचवते.

मर्सिडीज-बेंझचे अभियंते बेला बारेनी यांनी ही कल्पना मांडली: पुढचा-मागचा भाग चेपणारा, मधला बसण्याचा कप्पा अभेद्य. १९५९ मध्ये ती कंपनीच्या गाडीत उतरली. त्याच वर्षी व्होल्वोने निल्स बोलिन यांचा तीन टोकांचा पट्टा गाडीत बसवला.

योगायोगाने त्याच १९५९ सालची शेव्हर्ले बेल एअर ही भारदस्त गाडी २००९ मध्ये अमेरिकेतील विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने एका चाचणीसाठी घेतली. २००९ च्याच शेव्हर्ले मालिबूशी तिची समोरासमोर टक्कर घडवली. दोन्हींचा वेग ताशी ६४ किलोमीटर. जुन्या गाडीचा बसण्याचा कप्पाच कोसळला. पट्टा नाही, एअरबॅग नाही. खरा चालक असता, तर वाचला नसता. मालिबूचे नाक चुरडले, पण कप्पा शाबूत राहिला. तिच्या चालकाला पायाच्या किरकोळ दुखापतीवर निभावले असते.

जुन्या गाडीची थोरवी खोटी नाही, पण ती दुसरीकडे आहे. पद्मिनीचा कार्ब्युरेटर, पॉइंट, प्लग साध्या मेकॅनिकच्या आवाक्यातले. हातात पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर असला की रस्त्याकडेला दुरुस्ती होई. आजच्या गाडीतील बिघाड शोधायला स्कॅनर लावावा लागतो आणि चेपलेल्या नाकाचे बिल घाम फोडते. दुरुस्तीतला टिकाऊपणा आणि अपघातातली सुरक्षितता हे दोन वेगळे गुण आहेत. ‘मजबूत’ या एका शब्दात आपण त्यांची सरमिसळ करतो.

ही सरमिसळ महागात पडते. नव्या गाडीला ‘मजबुती’साठी पुढे लोखंडी बुल बार लावणारे अनेक जण मी पाहतो. तो बार नाकाला ठरल्याप्रमाणे चेपू देत नाही, एअरबॅगच्या सेन्सरची गणिते बिघडवतो आणि पादचाऱ्याला अधिक जबर मारतो. म्हणूनच केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्ये अशा बारवर कारवाई करण्यास राज्यांना सांगितले. आपल्या गाडीला तो असेल, तर या दिवाळीत काढून टाका. नाक चेपले तर चेपू दे; ते त्याचसाठी घडवले आहे.