भूत होतं की माणूस? मालिका संपली, वाद चालूच!

कल्याणजवळच्या आमच्या मोहन्यात चार माणसं बसलेली असताना ‘रात्रीस खेळ चाले’ मालिकेचं नाव काढलं, की पुढचा अर्धा तास गेला म्हणून समजा. “शेवट गुंडाळला!” “गुंडाळला कसला, तोच हवा होता.” “मग इतके महिने वाड्यात फिरत होतं ते कोण?” पहिलं पर्व संपलं २२ ऑक्टोबर २०१६ ला, शनिवारी. वाद मात्र अजून गरमागरम आहे. त्याला फोडणी घालायला हा थोडा मसाला.

साडेदहाची वेळ

मालिका सुरू झाली २२ फेब्रुवारी २०१६ ला, झी मराठीवर, रात्री साडेदहाला. भुताच्या गोष्टीसाठी उशिराची वेळ हे ओघानं आलंच, पण आमच्या पट्ट्यात त्या वेळेला वेगळाच अर्थ होता. इथली एनआरसी कंपनी चालू होती तेव्हा मोहने पाळ्यांवर झोपायचं आणि पाळ्यांवर उठायचं. २००९ मध्ये कंपनी बंद पडली आणि कित्येक घरांचं घड्याळ लोकलशी जुळलं. मुंबई-ठाण्याहून सुटलेला माणूस कसाऱ्याच्या गाडीनं कल्याण, शहाड ओलांडून आंबिवलीला उतरतो, रिक्षा पकडतो, घरी येऊन जेवतो, तोवर दहा कधीच वाजून गेलेले असतात. संध्याकाळी सात-आठच्या मालिका त्याच्या वाट्याला येतच नाहीत. ही आली. म्हणून तर शेवटावर बाई-माणूस, म्हातारे-कोतारे सगळेच हक्कानं भांडतात.

कुणी केलं?

पहिल्या पर्वाची सुरुवातच कोकणातल्या नाईक घराण्याचे कर्ते अण्णा नाईक यांच्या मृत्यूनं होते. मग वाड्यात एकामागून एक विपरीत घडत जातं, पोलीस येतात, भावाभावांत इस्टेटीवरून तेढ वाढते आणि पाहणाऱ्यांचे सरळ दोन तट पडतात. एक म्हणतो बाहेरचं आहे, दुसरा म्हणतो घरातलंच कुणीतरी आहे. शेवटाचं बोट माणसाकडे वळतं. नाव इथे फोडत नाही, झी फाइव्हवर आज पहिल्यांदा पाहणारेही आहेत. मला विचाराल तर उत्तर योग्य होतं, घाई चुकीची होती. आठ महिने साठवलेली भीती शेवटच्या मोजक्या भागांत निस्तरायची म्हणजे काहीतरी हातून निसटणारच. भुताच्या बाजूनं बसलेल्यांना फसवल्यासारखं वाटलं, ते त्यामुळे. पण ज्या घरात माणसं एकमेकांशी धड बोलत नाहीत, तिथे भुतापेक्षा माणसाचीच भीती जास्त वाटायला हवी. ते या शेवटानं ठणकावून सांगितलं.

आधी शेवट, मग सुरुवात

१४ जानेवारी २०१९ ला दुसरं पर्व आलं, आणि गोष्ट मागे गेली! मेलेले अण्णा जिवंत झाले. माधव अभ्यंकरांचा अण्णा आणि त्याची प्रेयसी, अपूर्वा नेमळेकरची शेवंता घराघरात पोचली ती तेव्हा. अण्णा मरणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी लोक दीड वर्षाहून जास्त काळ खिळून बसले. मध्ये टाळेबंदी आली, चित्रीकरणं थांबली, नवे भाग बंद झाले. जुलै २०२० मध्ये ते पुन्हा सुरू झाले आणि २९ ऑगस्ट २०२० ला पर्व संपलं. सोमवारी, ३१ ऑगस्टला, ‘देवमाणूस’ सुरू झाली. त्यात भूत नव्हतंच, होता तो गावानं देव मानलेला खुनी डॉक्टर.

तिसरं पर्व २२ मार्च २०२१ ला आलं. आता अण्णा आणि शेवंता उघड उघड भुतं! याच पर्वात मध्येच शेवंता बदलली, अपूर्वा नेमळेकरच्या जागी कृतिका तुळसकर आली. त्यावर शेवटाइतकंच भांडण झालं.

इसरणारा पांडू काहीच इसरत नव्हता

“इसारलंय” म्हणत डोकं खाजवणारा वाड्यातला गडी पांडू आठवतो ना? ती भूमिका करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखकांपैकी एक. म्हणजे पडद्यावर ज्याला काही म्हणजे काही आठवत नाही, त्याला पुढे काय होणार हे सगळ्यांच्या आधी ठाऊक होतं. शेवट फोडायचाच असता तर तो पांडूनंच फोडला असता.

नाव कुठून आलं?

‘हा खेळ सावल्यांचा’ या १९७६ च्या चित्रपटातून. त्यातल्या गाण्याचे पहिले शब्द मालिकेनं नावासाठी घेतले. गीत सुधीर मोघ्यांचं, संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, आवाज महेंद्र कपूर यांचा. चाळीस वर्षांनी त्याच शब्दांनी पुन्हा घाबरवलं.

आक्षेप आणि सेल्फी

मालिका सुरू होताच सिंधुदुर्गातून नाराजी उमटली. कोकण म्हणजे भुताटकी, असं चित्र कशाला उभं करता? दुखणं खरं होतं. पण मालवणी बोली रोज रात्री राज्यभर ऐकू जाऊ लागली, आणि कल्याण-डोंबिवलीतल्या कितीतरी घरांत नातवंडं आजीला विचारू लागली, “याचा अर्थ काय गं?” कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यातल्या आकेरीच्या ज्या वाड्यात चित्रीकरण झालं, तो पाहायला तर पर्यटकांची रीघ लागली. गणपतीला गावी गेलेला चाकरमानी आता पाहुण्यांना देऊळ दाखवतो, समुद्र दाखवतो आणि अण्णांचा वाडाही.

भुताभुतांत फरक असतो

शेवटावर कोकणी माणूस जास्त तावातावानं का बोलतो? कारण त्याच्याकडे सरसकट ‘भूत’ असं काही नसतंच. मुंज होऊन लग्नाआधी गेलेला तो मुंजा, त्याचा मुक्काम पिंपळावर. पाण्याशी गाठ पडते ती गिऱ्ह्याची. रात्री वाट चुकवतो तो चकवा. देवचार मात्र गावाची राखण करतो, त्याला मान द्यायचा. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा तर भुतांचा स्वामी आणि गावाचा रक्षकही. त्याला भक्त केळ्यांचे घड वाहतात आणि भल्यामोठ्या चामड्याच्या चपला. श्रद्धा अशी, की देव रात्री गावात फिरतो आणि चपला झिजतात. अशा ठिकाणी वाढलेल्या प्रेक्षकाला “सगळं मनाचे खेळ होते” एवढ्या उत्तरानं कसं समाधान मिळेल? तो विचारणारच, मनाचे खेळ, ठीक, पण देवचाराचं काय?

दोन इंदुमती

गूढ मालिकांचा विषय निघाला, की ‘असंभव’ मालिकेच्या चाहत्यांना विसरून चालणार नाही. चिन्मय मांडलेकर यांचं लेखन, सतीश राजवाडे यांचं दिग्दर्शन, २००७ ची सुरुवात आणि पुनर्जन्माची गोष्ट. नीलम शिर्केची सुलेखा ही मागच्या जन्मीची इंदुमती. आता गंमत बघा: अण्णा नाईकांच्या बायकोचं, म्हणजे माईचं नावही इंदुमतीच! एक सूड घ्यायला पुन्हा जन्मलेली, दुसरी एकाच जन्मात सगळं सोसलेली.

आणि डोंबिवलीकरांसाठी खास: सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’ या गूढ मालिकेत भविष्य दिसणारी नेत्रा साकारणारी तितीक्षा तावडे डोंबिवलीचीच.

अमेरिकेतही हेच

‘सुपरनॅचरल’ नावाची दोन भावांची मालिका २००५ ते २०२० अशी १५ पर्वं आणि ३२७ भाग चालली. शेवटचा भाग १९ नोव्हेंबर २०२० ला लागला आणि चाहते दुभंगले. ‘ट्विन पीक्स’ ही मालिका १९९१ मध्ये ऐन टोकावर तोडली आणि २०१७ मध्ये पुन्हा आणली. त्या मानानं नाईकांच्या वाड्यानं आपल्याला फार ताटकळत ठेवलं नाही.

कुठल्या क्रमानं पाहायचं?

आता मोहन्यातला सगळ्यात ताजा वाद हाच. काही जण म्हणतात, काळाच्या क्रमानं जा: आधी दुसरं पर्व, मग पहिलं, मग तिसरं. तसं कराल तर अण्णांचा दरारा आधी अंगावर येईल, हे मान्य. पण माझं ऐका, पहिल्यापासूनच सुरू करा. अण्णा गेल्यावरही घरातलं कुणी मोकळा श्वास घेऊ शकत नाही, प्रत्येक जण त्यांच्या खुर्चीकडे बघून बोलतो, हे आधी पाहा. मग दुसऱ्या पर्वात अण्णा पहिल्यांदा चालत येतील, तेव्हा कळेल की माई एवढी गप्प का होती.