निकाल लागेपर्यंत

मे महिन्यांतील पहिला रविवार उलटला, कीं बुलढाणा जिल्ह्यांतील पुष्कळ घरांत एक चमत्कारिक स्तब्धता पसरते. वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा आटोपलेली असते. दोन वर्षांच्या जागरणानंतर घरांतील मुलगी प्रथमच दुपारीं निर्धास्त झोपलेली असते. आणि ज्या वडील मंडळींनीं तिच्या अभ्यासापायीं दोन वर्षें आपले आवाज दाबून ठेविले, त्यांना आतां बोलण्याची मोकळीक मिळाल्यासारखें वाटतें. मग आजीपासून धाकट्या काकांपर्यंत प्रत्येकजण तिला एकच प्रश्न विचारतो, "किती गुण पडतील ग?" प्रश्न मायेचा आहे, यांत शंका नाहीं; परंतु तो निरुपयोगी आहे, आणि तो कां, हें घरांतील मोठ्यांनीं समजून घेतलें तर हे दिवस पुष्कळ सुसह्य होतील.

या परीक्षेस 'नीट' म्हणतात. (इंग्रजी आद्याक्षरांनीं बनलेलें नांव आमच्या भाषेंत इतकें अर्थपूर्ण व्हावें, हा योगायोग गमतीचा खरा.) एकूण गुण ७२०, त्यांपैकीं निम्मे, म्हणजे ३६०, एकट्या जीवशास्त्राचे. बरोबर उत्तरास चार गुण मिळतात, चुकलेल्यास एक वजा होतो. म्हणजे जेथें खूण बरोबर पडावयाची तेथें ती चुकली, तर पांच गुणांचें अंतर पडतें. पदार्थविज्ञानांत अडखळलेला विद्यार्थी आपली सारी भिस्त जीवशास्त्राच्या ९० प्रश्नांवर ठेवितो, तें याच हिशेबानें.

आतां गंमत अशी कीं, निकालापूर्वींच परीक्षा घेणारी संस्था उत्तरतालिका प्रसिद्ध करिते. विद्यार्थ्यास आपली उत्तरपत्रिकाहि पाहावयास मिळते, आणि एखादें उत्तर चुकीचें वाटल्यास दर प्रश्नास दोनशें रुपये भरून हरकत घेतां येते. तेव्हां आपले गुण किती, हें मुलीला चार-दोन गुणांच्या फरकानें आधींच ठाऊक असतें. तिला ठाऊक नसतें तें निराळेंच: त्या गुणांस यंदा मोल काय? आणि तें मोल तिच्या हातीं नाहीं. इतर लाखों मुलांनीं काय केलें, त्यावर तें ठरतें.

गेल्या कांहीं वर्षांचे आंकडे पाहा. २०२३ सालीं पैकीच्या पैकीं गुण मिळविणारे विद्यार्थी दोन होते. २०२४ सालीं ते एकदम ६७ झाले! २०२५ सालीं पेपर इतका कठीण निघाला कीं देशांत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते. एका वर्षीं ज्या गुणांवर घरांत पेढे वाटावेत, त्याच गुणांवर दुसऱ्या वर्षीं मान खालीं घालावी लागे.

२०२४ चें प्रकरण तर सर्वांच्या स्मरणांत आहेच. त्या वर्षीं २३ लाखांहून अधिक विद्यार्थी बसले होते, आणि वैद्यकीय पदवीच्या जागा होत्या सुमारें एक लाख आठ हजार. १४ जूनला अपेक्षित असलेला निकाल ४ जून रोजीं, लोकसभेच्या मतमोजणीच्या गडबडींत, लागला. वेळ वाया गेला म्हणून १,५६३ विद्यार्थ्यांस वाढीव गुण दिल्याचें उघड झालें. ते मागें घेऊन २३ जून रोजीं त्यांची फेरपरीक्षा झाली. पुढें एका प्रश्नाचीं दोन उत्तरें ग्राह्य धरलीं गेल्याचा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. जुन्या पाठ्यपुस्तकांतील वाक्य एक सांगत होतें, नव्यांतील दुसरें. दिल्लीच्या आय.आय.टी.च्या तज्ज्ञांनीं एकच उत्तर बरोबर ठरविलें, आणि चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे गुण एका रात्रींत उतरले. पैकीच्या पैकीं गुणांचे मानकरी ६७ चे १७ राहिले. पेपर फुटल्याचें हजारीबाग व पाटणा येथें सिद्ध झालें, तथापि सबंध परीक्षा रद्द करण्याइतका पुरावा नाहीं, असें न्यायालयानें २३ जुलै रोजीं सांगितलें. पेपरफुटीचा अनुभव या जिल्ह्यासहि नवा नव्हता. ३ मार्च २०२३ रोजीं सिंदखेडराजा तालुक्यांत बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेचीं पानें परीक्षा सुरू होण्यापूर्वींच बाहेर आलीं होतीं. अशा वेळीं प्रामाणिकपणें लिहिणाऱ्या मुलाच्या मनांत जें कालवतें, त्याला "किती गुण पडतील?" हें उत्तर नव्हे.

विदर्भांतील मुलांस आणखी एक गोष्ट सोसावी लागली. २०२० पर्यंत राज्याच्या वांट्यांतील ७० टक्के जागा त्या त्या विभागांतील विद्यार्थ्यांसाठीं राखलेल्या असत. ती पद्धति त्या वर्षीं रद्द झाली, आणि मेहकरची मुलगी थेट पुण्या-लातूरच्या मुलींच्या रांगेंत उभी राहिली. उलट पक्षीं एक समाधानहि आहे. ९ ऑक्टोबर २०२४ रोजीं राज्यांत ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचें उद्घाटन झालें, त्यांत बुलढाण्याचें एक होतें. तोंवर शासकीय महाविद्यालयासाठीं अकोला किंवा जळगांव गांठावें लागे.

मग या दिवसांत घरानें करावें तरी काय? अधिवासाचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, आर्थिक दुर्बल घटकाचें प्रमाणपत्र हीं कामें वडिलांनीं अथवा काकांनीं तहसिलींतून आतांच उरकून घ्यावींत. निकालानंतर तेथें पाय ठेवावयास जागा नसते. राज्याची सामाईक परीक्षाहि मुलीनें दिली असल्यास तिचे गुण शेतकी व औषधनिर्माणशास्त्र या शाखांस चालतात, आणि अकोल्याचें कृषि विद्यापीठ कांहीं दूर नाहीं. मात्र या वाटांचा उच्चार "नाहीं तर मग" अशा सुरांत होऊं नये. मुलीच्या कानांस तो सूर तत्काळ कळतो.

आणि एखादा दिवस तिला लोणारास न्यावें. जून २०२० मध्यें, साथीमुळें हीच परीक्षा पुढें ढकलली जाऊन मुलें घरांत कोंडलेलीं असतांना, तेथील सरोवराचें पाणी गुलाबी झालें होतें. पाणी आटून क्षार वाढले आणि त्यांत वाढणाऱ्या क्षारप्रिय सूक्ष्म जीवांनीं तो रंग दिला, असा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा निष्कर्ष. अकरावीच्या पुस्तकांत या जीवांना दोन-तीन ओळी मिळतात. त्या तिला पाठ असतात. ज्ञानगंगेच्या अभयारण्याकडेहि जावें. २०१९ सालीं यवतमाळच्या टिपेश्वराहून निघालेला एक तरुण वाघ विदर्भ-तेलंगणांतून सुमारें तीन हजार किलोमीटर भटकून तेथें येऊन राहिला होता. नर वयांत आला कीं आईचा मुलूख कां सोडतो, हें आजोबांनीं तिला विचारावें आणि ती सांगेल तें स्वस्थपणें ऐकावें.