एका श्वासाची खोली

'चाळिशी' हा शब्द आपल्या घरांतून दोन अर्थांनीं ऐकूं येतो. एक वयाचा आणि दुसरा नाकावरच्या चष्म्याचा. दोहींचा ध्वनि मात्र एकच, कीं आतां नवें कांहीं आरंभण्याचे दिवस सरले. आणि घरच्या गृहिणीविषयीं तर हें गृहीतच धरलेलें असतें. श्वास रोखून समुद्रांत खोल बुडी मारण्याच्या विद्येंत सर्व जगांत अग्रगण्य ठरलेली स्त्री त्या विद्येकडे प्रथम वळली ती चाळिसाव्या वर्षीं, हें वाचून आम्हांस तिच्या विक्रमांहूनही अधिक नवल वाटलें.

नताल्या मोल्चानोवा यांचा जन्म ८ मे १९६२ रोजीं उफा या रशियन शहरीं झाला. समुद्र तेथून शेंकडों कोस दूर. तरुणपणीं पायांस रबरी पंख लावून पोहण्याच्या शर्यतींत त्या भाग घेत. पुढें संसार व मुलेंबाळें आलीं, आणि सुमारें वीस वर्षें तें सारें बाजूस राहिलें. मग एके दिवशीं या बुडीच्या क्रीडेवरील एक लेख त्यांच्या वाचनांत आला, तोही एका मासिकांत. (मासिकांतला लेख कोणाला कोठें घेऊन जाईल, याचा अंदाज छापणारांस कधींच नसतो.) २००३ सालापासून त्या स्पर्धांत उतरूं लागल्या. पुढच्या बारा वर्षांत त्यांच्या नांवें चाळिसांहून अधिक जागतिक विक्रम नोंदले गेले.

या स्पर्धेंत पाठीवर हवेचा नळा नसतो कीं तोंडांत नळी नसते. वजन बांधलेला दोर समुद्रांत सोडतात. त्याच्या टोकाशीं एक तबकडी असते. आपण किती मीटर खालीं जाणार तें आधीं जाहीर करावयाचें, एका श्वासावर तबकडीपर्यंत जाऊन तेथली चिठ्ठी काढावयाची आणि वर यावयाचें. वर आल्यावर पंधरा सेकंदांच्या आंत डोळ्यांवरचा चष्मा काढून, हातानें खूण करून, 'मी ठीक आहे' असें पंचांसमोर सांगावें लागतें. शुद्ध हरपली कीं बुडी बाद. हा नियम आम्हांस फार मार्मिक वाटतो. माणसांत परत येऊन बोलतां आलें तरच गांठलेली खोली जमेस धरली जाते.

शंभर मीटरांवर देहाची स्थिति काय होत असेल? दर दहा मीटरांमागें दाब एका वातावरणाइतका वाढतो, म्हणजे तेथें तो पृष्ठभागाच्या अकरा पट होतो. वर सहा लिटर असलेली फुप्फुसांतली हवा तेथें जेमतेम अर्ध्या लिटरांत मावते. एवढ्या दाबानें छाती चिरडून जाईल असें एके काळीं शरीरशास्त्रज्ञांस वाटे. तसें होत नाहीं, कारण हातापायांतलें रक्त छातीकडे ओढलें जातें आणि तेथल्या रक्तवाहिन्या फुगून रिकामी जागा भरून काढतात. चेहऱ्यास थंड पाणी लागतांच हृदयाचे ठोके मंदावतात. प्लीहा आकुंचन पावून सांठवलेल्या तांबड्या पेशी रक्तांत सोडते. सील व देवमासा यांच्या अंगीं ही व्यवस्था ठळक दिसते; मनुष्याच्या देहांतही ती आहे. साधारण वीस-तीस मीटरांच्या पुढें शरीर पाण्याहून जड होतें, आणि मग हातपाय न हालवितां माणूस आपोआप खालीं जाऊं लागतो.

नताल्याबाईंचा भर मनाच्या स्वस्थतेवर असे. भीतीनें वा हट्टानें आखडलेला स्नायु प्राणवायु खातो, म्हणून एका बिंदूवर लक्ष खिळवूं नका, तें सर्व दृष्टिक्षेत्रावर सारखें पसरूं द्या, असें त्या शिकवीत. हें वाचतांना आपल्या वाचकांस कुंभकाची आठवण होणें साहजिक आहे. परंतु आमच्या मतें हें साम्य फार ताणूं नये. संध्येच्या पाटावर श्वास रोखणारास तो केव्हांही सोडतां येतो. दोराच्या तळाशीं पोचलेल्यास निम्मी वाट अजून चालावयाची असते.

२००९ च्या सप्टेंबरांत इजिप्तमधील शर्म एल शेख येथें त्या १०१ मीटर खालीं जाऊन आल्या. पायांच्या बळावर शंभरी ओलांडणारी ही पहिली स्त्री. आपल्याकडे विहिरीची खोली पुरुषांनीं मोजतात. त्या मापानें ही खोली पन्नासांहून अधिक पुरुष भरते! जून २०१३ मध्यें बेलग्रेड येथील तलावांत त्या ९ मिनिटें २ सेकंद श्वास रोखून निश्चल पडून राहिल्या. मे २०१५ मध्यें, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, त्यांनीं पंखांवांचून, केवळ हातापायांनीं पोहत, ७१ मीटरांची खोली गांठली; कुतुबमिनार जवळजवळ एवढाच उंच आहे. त्यांचे चिरंजीव अलेक्सेय हेही याच विद्येंत निष्णात, आणि त्यांनींही जागतिक विक्रम केले. मायलेंक एकाच दोरावर आपापल्या पाळीनें उतरत असत.

या विद्येचा घातक भाग असा: गुदमरल्याची जाणीव प्राणवायूच्या कमतरतेमुळें होत नसून साठत जाणाऱ्या कार्बन डायऑक्साइडमुळें होते. बुडीपूर्वी भराभर दीर्घ श्वास घेतले तर तो वायु निघून जातो, धोक्याची घंटा वाजतच नाहीं, आणि शुद्ध अकस्मात हरपते. बहुधा वर येतांना, पृष्ठभागाच्या अगदीं जवळ. सुट्टींत विहिरीवर बुडीच्या पैजा लावणारीं मुलें ज्या घरांत असतील, तेथल्या वडीलमंडळींनीं एवढें त्यांच्या कानीं घालून ठेवावें. स्पर्धेंत दोराशीं सांखळी जोडलेली असते आणि वर येणाराच्या सोबतीस रक्षक असतात.

२ ऑगस्ट २०१५ रोजीं स्पेनच्या फोर्मेन्तेरा बेटाजवळ हा दोर नव्हता. तेथें स्पर्धा नव्हती. नताल्याबाई खासगी शिकवणीसाठीं गेल्या होत्या. त्यांच्या मानानें किरकोळ, तीस-चाळीस मीटरांची बुडी मारून त्या खालीं गेल्या आणि वर आल्याच नाहींत. पाण्याखालच्या जोरदार प्रवाहानें त्यांना ओढून नेलें असावें, असा तर्क करण्यांत आला. पुष्कळ शोध झाला, परंतु देह मिळाला नाहीं. दुसऱ्यांस पदोपदीं सावधगिरी शिकविणारी ही बाई स्वतः सोप्या बुडीस दोरावांचून कां गेली, हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं.

आईनें बसविलेला अभ्यासक्रम अलेक्सेय यांनीं पुढें चालविला. २०१८ मध्यें बहामा बेटांजवळ ते १३० मीटरांपर्यंत उतरले. आणि मार्च २०२१ मध्यें सैबेरियांतील गोठलेल्या बैकाल सरोवरांत, बर्फाखालच्या पाण्यांत, एका श्वासावर ८० मीटर खालीं जाऊन परत वर आले.