गुरुवारी उतरणारे सिनेमे

सिनेमा शुक्रवारी लागतो आणि थिएटरचा आठवडा गुरुवारी संपतो. छोट्या मराठी सिनेमाच्या वाट्याला बहुधा हा एकच आठवडा येतो, त्यातही दुपारचा किंवा सकाळचा एखादा शो. आपल्याकडे भोसरी, चिंचवड, चाकणमधल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी असते तीही गुरुवारीच. म्हणजे फर्स्ट किंवा सेकंड शिफ्ट करणारा माणूस मोकळा होतो, त्याच दिवशी पोस्टर उतरत असतं. चाकणहून पुण्यातल्या फिल्म आर्काइव्हला सिनेमा बघायला जायचं तर एका बाजूचाच रस्ता तीस किलोमीटरच्या वर, आणि वाटेत नाशिक फाट्याची गर्दी. चांगला सिनेमा या पट्ट्यातल्या माणसाला भेटायचा तो बहुतेक वेळा घरीच. म्हणून तो शोधायचा कसा, हे नीट समजून घ्यायला हवं.

आधी सिनेमाचा प्रवास पाहू. मोठ्या स्टुडिओचं पाठबळ नसलेला सिनेमा तयार झाला की पहिल्यांदा महोत्सवात जातो. तिथे नाव झालं तर वितरक मिळतो, मग सेन्सॉरचं प्रमाणपत्र, मग थिएटर आणि सगळ्यात शेवटी ओटीटी. या टप्प्यांमध्ये बराच काळ जातो. चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ सप्टेंबर 2014 मध्ये व्हेनिसला गाजला आणि आपल्याकडे एप्रिल 2015 मध्ये लागला. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ला फेब्रुवारी 2014 मध्ये बर्लिनच्या बाल परीक्षकांनी स्फटिकाचं अस्वल दिलं, पण तो थिएटरात यायला जून 2015 उजाडला. जयंत सोमलकरांचा ‘स्थळ’ 2023 च्या टोरांटो महोत्सवातून मार्च 2025 मध्ये आपल्यापर्यंत पोचला. बातमी आपण वाचतो तेव्हा सिनेमा कुठेच नसतो आणि तो घरी बघण्याजोगा होतो तोवर आपण नाव विसरलेलो असतो. बहुतेक चांगले सिनेमे निसटतात ते याच फटीतून.

उपाय साधा आहे, नावं टिपून ठेवायची. मोबाइलच्या नोट्समध्ये ठेवा किंवा फ्रिजवर चिकटवलेल्या कागदावर, पण सिनेमाच्या नावापुढे दिग्दर्शकाचं नाव आणि वर्ष हवंच, कारण एकाच नावाचे दोन-तीन सिनेमे सर्रास असतात. ही नावं मिळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. जानेवारीच्या आसपास पुण्यात ‘पिफ’ हा चित्रपट महोत्सव भरतो. त्यातल्या मराठी स्पर्धेची यादी वर्तमानपत्रात येते आणि सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाला संत तुकाराम पुरस्कार मिळतो. पण विजेत्यावर थांबू नका, स्पर्धेतली सगळीच नावं उतरवून घ्या. गोव्याच्या ‘इफ्फी’ महोत्सवात इंडियन पॅनोरमा हा विभाग असतो. त्यात देशभरातले साधारण पंचवीस कथापट आणि वीसेक लघुपट-माहितीपट निवडलेले असतात. मल्याळम, आसामी, कोकणी सिनेमांकडे जायची ही सगळ्यात सोपी वाट.

राष्ट्रीय पुरस्कारांची यादी मात्र जरा वेगळ्या नजरेने वाचावी. सर्वोत्कृष्ट चित्रपट सगळ्यांनाच कळतो. ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’, ‘कासव’ ही नावं अशीच घरोघरी पोचली. मी त्या यादीत आधी पदार्पणातल्या दिग्दर्शकाचा पुरस्कार बघतो. नागराज मंजुळेंचा ‘फँड्री’ तिथे सापडतो आणि काही वर्षांनी सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा ‘नाळ’ही. नवा दिग्दर्शक पहिल्या सिनेमात वर्षानुवर्षं साठवलेलं सगळं ओततो. तिथे हात क्वचितच रिकामा परत येतो.

आणि आता सगळ्यात खात्रीचा मार्ग. सिनेमा आवडला की शेवटी पळणारी श्रेयनामावली वाचा. ओटीटी लगेच पुढचं काहीतरी लावायला धावतं, त्याला थांबवा आणि छायाचित्रण, लेखन, निर्मिती या तीन ओळी पाहा. ‘सैराट’ तर सगळ्यांनी पाहिलाय. त्याचा कॅमेरा याच यक्कंटींचा, म्हणजे ‘सैराट’पासून ‘नाळ’पर्यंत वाट सरळ जाते.

‘किल्ला’चं उदाहरण तर फारच बोलकं आहे. वडील गेलेला अकरा वर्षांचा चिन्मय आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात येतो. एका प्रसंगात सायकलींची शर्यत लागते, मुलं किल्ल्यात शिरतात, धो धो पाऊस सुरू होतो आणि मित्र त्याला तिथेच टाकून निघून जातात. त्या पोराला आता कुणी उरलं नाही, हे सांगायला संवाद लागत नाही. ओले दगड, पाण्याचा आवाज आणि त्याच्या हाका, बस. हे ज्याला दिसलं त्याचं नाव अविनाश अरुण, दिग्दर्शनही त्याचं आणि कॅमेराही त्याचाच. ते नाव धरून निघालात की ‘मसान’ सापडतो, कारण तोही त्यानेच चित्रित केलाय. पुढे त्यानेच दिग्दर्शित केलेला ‘थ्री ऑफ अस’ लागतो आणि तुम्ही पुन्हा कोकणात, पण या वेळी स्मृती हरवत चाललेल्या एका बाईबरोबर. ही साखळी कुठलंही अॅप जोडून देत नाही. अॅप तुम्ही काल काय पाहिलं त्यावरून आज काय दाखवायचं ते ठरवतं. घरात मुलं त्याच प्रोफाइलवर कार्टून बघत असतील तर तुमच्यापुढे कार्टूनच येणार, तेव्हा स्वतःचं प्रोफाइल वेगळं करा.

यादीतला सिनेमा कुठे मिळतो? प्लॅटफॉर्मना हक्क ठरावीक मुदतीसाठी मिळतात, त्यामुळे काल होता तो आज नाही, असं होणारच. ‘जस्टवॉच’ या वेबसाइटवर नाव टाकलं की सध्या तो कुठे आहे ते कळतं. सापडला नाही तर रोमन स्पेलिंग बदलून पाहा, मराठी नावांचं तिथे भजं झालेलं असतं. थेट ओटीटीवर आलेले सिनेमे त्यातल्या त्यात टिकाऊ. ताम्हाणेंचा ‘द डिसायपल’ एप्रिल 2021 पासून नेटफ्लिक्सवर आहे. माहितीपट हवे असतील तर आनंद पटवर्धन आणि जुन्या फिल्म्स डिव्हिजनचं पुष्कळ काम यूट्यूबवर फुकट आहे. टेलिग्रामवरच्या चोरट्या प्रती मात्र नकोत. ‘ख्वाडा’साठी दिग्दर्शक भाऊराव कऱ्हाडेंनी जमीन विकली होती. अशा माणसाचे भाड्याचे शंभर-दीडशे रुपये बुडवायचे नाहीत.

बघायला बसण्याआधी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा. प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव दिलंय, पण नावात बहुधा ‘मोशन’ असतं. क्रिकेटला ती ठीक, सिनेमाला मात्र मालिकेची कळा आणते. नव्या टीव्हीवर ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच लावा. मराठी सिनेमालाही सबटायटल चालू ठेवा. ‘स्थळ’मधली चंद्रपूरकडची बोली आपल्या कानाला सवयीची नाही, आणि मुलगी पाहायला आलेल्या मंडळींचे तेच ते प्रश्न एक शब्दही न गाळता ऐकायला हवेत, सगळी धार त्या पुनरावृत्तीत आहे. सेकंड शिफ्टहून मध्यरात्री येऊन ‘कोर्ट’ लावू नका. त्याचा कॅमेरा एका जागी ठाण मांडून बसतो आणि दमलेल्या डोळ्यांना ते पेलत नाही. तो गुरुवारी सकाळी, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून बघा.

एकदा गोडी लागली की सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये सगळ्यांना दाखवावंसं वाटतं. घरगुती सबस्क्रिप्शनवर तसं जाहीर दाखवता येत नाही, हक्कधारकाची परवानगी लागते. निर्मात्याला किंवा दिग्दर्शकाला समाजमाध्यमावर सरळ लिहा. तारीख, जागा, किती माणसं येतील आणि तिकीट लावणार नाही, एवढं त्यात असलं की पुरे.