पाखरांची वाट

“संध्याकाळी नदीवर फिरायला जातो,” असे पुण्यात कोणाला सांगितले, की ऐकणाऱ्याचा हात आपोआप नाकाकडे जातो. त्याचे चुकते असेही नाही. मुळा-मुठेत शहराचे सांडपाणी येते आणि वारा फिरला, की त्याची वर्दी मिळते. तरीही मी जातो. हिवाळ्यात तर चुकवीतच नाही.

याचे श्रेय बंडगार्डनच्या बंधाऱ्याला. सर जमशेटजी जीजीभाईंच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात तो बांधला गेला. त्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबून राहिले, खालच्या अंगाला खडक, चिखल आणि घोटाभर धार. वरचे पाणी होडीवाल्यांचे, खालचे पाखरांचे! संगमाजवळ इंजिनिअरिंग कॉलेजची पोरे वल्ही मारतात. त्यांचा बोट क्लब १९२८ सालचा. मात्र जलपर्णी माजली, की होडीही अडते आणि नदी हिरव्या सतरंजीसारखी दिसू लागते.

जुन्या पुलावर आता वाहने नाहीत, त्यामुळे कठड्याशी निवांत उभे राहता येते. पलीकडे येरवड्याच्या काठाला डॉ. सालीम अलींच्या नावाचे पक्षी अभयारण्य. बाभळीतून गेलेली मातीची वाट, इतकेच त्याचे वैभव. पण उथळ पाण्यात लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे हिंडत असतात, खडकावर पाणकावळा पंख वाळवीत बसतो, आणि थंडीबरोबर लडाख-तिबेटकडचे केशरी चक्रवाक उतरतात. गंमत अशी, की घाण पाण्यातल्या अळ्या-किड्यांवर शेकाटे नि धोबी पोसले जातात. म्हणून पाखरे दिसली, की नदी शुद्ध झाली, असे कोणी समजू नये.

आता या काठाचे रूप पालटते आहे. महापालिकेच्या ४४ किलोमीटरच्या नदीकाठ योजनेचे भूमिपूजन मार्च २०२२ मध्ये झाले. एप्रिल २०२३ मध्ये झाडे वाचवण्यासाठी पुणेकरांनी नदीकाठी ‘चिपको’ मोर्चा काढला. सरळ, फरसबंद वाट झाली, तर आमच्या शेजारच्या आजोबांना काठी टेकत नदीपर्यंत येता येईल. हे सुख लहान नव्हे. पण खंड्या घरटे करतो तो मातीच्या उभ्या दरडीत बीळ कोरून. दगडी पिचिंगमध्ये त्याने चोच कुठे खुपसावी? आजोबांसाठी एका अंगाला वाट बांधा, दुसरा काठ चिखला-झुडपांसकट राहू द्या, असे माझे साधे मत. घरात मात्र ते एकमताने मंजूर नाही. “आधी सांडपाणी थांबवा, मग काठाचे बघा,” असे सौ.चे म्हणणे.

गेल्या रविवारी ती बरोबर आली होती. नाकाला पदर लावूनच तिने दुर्बीण घेतली. बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “अहो, अकरा चक्रवाक आहेत. जोडीदाराशिवाय एकच दिसतोय.”