ट्रेकसाठी मोठा फोल्डिंग चाकू घ्यायचाय? 'बाय नाऊ' दाबण्याआधी हे वाचा

पावसाळा आला की आमच्या ट्रेकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे "या रविवारी कुठे?" आणि दुसरी, कसल्यातरी सामानाची लिंक. यंदा एकाने फोल्डिंग चाकूची लिंक टाकली. काळं पातं, मागे करवतीसारखे दाते, मुठीवर कवटीचं चित्र, किंमत ६९९ रुपये आणि खाली ठळक अक्षरात '९ इंच'. पाच मिनिटांत तिघांनी "मला पण एक" असं लिहिलं.

मग चौथ्याने विचारलं, "अरे, पण हा खिशात ठेवून फिरणं लीगल आहे ना?"

त्यानंतर जे झालं ते प्रत्येक ग्रुपवर होतं. कोणी म्हणालं ९ इंचांपर्यंत चालतं, कोणी म्हणालं ६, एकाने ४ सांगितलं आणि एकाने विषयच संपवला, "काही होत नाही रे!" मी पत्रकार असल्यामुळे शोधाशोध करायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

सगळं वाचून झाल्यावर हाती लागलेलं उत्तर आधीच सांगून टाकतो. आपल्यापैकी बहुतेकांना मोठा फोल्डिंग चाकू लागतच नाही. आणि ज्यांना लागतो, त्यांच्यासाठी पात्याची लांबी हा एकच प्रश्न नाही. तो कशासाठी घेतलाय आणि कुठे घेऊन फिरताय, हे त्याहून महत्त्वाचं आहे.

आता हे सविस्तर बघू.

आधी 'मोठा' म्हणजे किती मोठा?

फोल्डिंग चाकूचं पातं घडी होऊन मुठीत बसतं, म्हणून मूठ पात्यापेक्षा थोडी लांबच असावी लागते. ४ इंचांच्या पात्याला साधारण ५ इंचांची मूठ लागते. उघडल्यावर झाले ९ इंच. ऑनलाइन जाहिरातीत '९ इंच' लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा हेच, म्हणजे चाकूची उघडलेली पूर्ण लांबी. कायदा मोजतो ती पात्याची लांबी. हे दोन आकडे वेगळे आहेत, म्हणून खरेदी करताना 'ब्लेड लेन्थ' वेगळी शोधा. ती दिलेलीच नसेल, तर तो चाकू तिथेच सोडून द्या.

अंदाज यावा म्हणून एक उदाहरण. ओपिनेल हा लाकडी मुठीचा फ्रेंच चाकू जगभर सहलीला नेला जातो. त्याच्या ८ नंबरचं पातं ८.५ सेंटिमीटरचं असतं, १० नंबरचं १० सेंटिमीटरचं आणि १२ नंबरचं १२ सेंटिमीटरचं. यातला ८ नंबर रोजच्या कामाचा मानला जातो. १० नंबरपासून पुढचे मोठे. साधा हिशोब म्हणजे पातं ३ ते साडेतीन इंच असेल तर मध्यम आणि ४ इंच किंवा जास्त असेल तर मोठा.

मग तो ९ इंचांचा नियम कुठून आला?

तो आला शस्त्र कायदा, १९५९ आणि त्याखालच्या नियमांतून. या नियमांच्या यादीत तलवार, खंजीर, भाला अशा धारदार शस्त्रांचा एक गट आहे. ज्यांचं पातं ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद आहे, असे चाकूही त्यात येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं मात्र त्यातून वगळली आहेत. म्हणूनच आईच्या विळीला लायसन्स लागत नाही.

लोक इथेच थांबतात आणि म्हणतात, "म्हणजे ९ इंचांच्या आत सगळं चालतं!" तर तसं नाही.

पहिलं कारण म्हणजे याच कायद्यात 'शस्त्र' या शब्दाची व्याख्या करताना ती वस्तू हल्ल्यासाठी किंवा बचावासाठी बनवली आहे का, हे पाहिलं आहे. फळं कापायचा चाकू आणि 'कॉम्बॅट', 'अटॅक' असं छापलेला चाकू, दोन्हींची पाती ४ इंचांचीच असू शकतात. पण पोलिसांसमोर बॅग उघडल्यावर दोन्हींकडे सारख्याच नजरेने बघितलं जाईल, असं तुम्हाला खरंच वाटतं का?

दुसरं कारण म्हणजे जागेनुसार नियम बदलतात. दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने बटणाच्या आणि स्प्रिंगच्या चाकूंवर निर्बंध आणले, आणि तिथे पात्याची मर्यादा आहे ७.६२ सेंटिमीटर लांबी आणि १.७२ सेंटिमीटर रुंदी. म्हणजे जेमतेम ३ इंच.

महाराष्ट्रात खरी अडचण कुठे येते?

पेपरातल्या गुन्ह्यांच्या बातम्या आठवा. "...याच्याविरुद्ध महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम ३७(१) सह १३५ नुसार गुन्हा दाखल" हे वाक्य तुम्ही शंभर वेळा वाचलं असेल.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) नुसार पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी मनाई आदेश काढू शकतात. सण, निवडणुका, मोर्चे, तणाव अशा काळात हे आदेश निघतात. अनेक शहरांत तर एकाची मुदत संपली की दुसरा निघतो. या आदेशात शस्त्रं, तलवारी, भाले, सुरे, काठ्या आणि इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू सार्वजनिक ठिकाणी बाळगायला बंदी घालता येते. इथे ९ इंच वगैरे भानगडच नाही.

आदेश मोडला तर कलम १३५ लागतं. त्यात १ वर्षापर्यंत कैद आणि दंड आहे. न्यायालयाने लेखी कारण नोंदवलं नाही, तर किमान ४ महिने.

कोयत्याचं उदाहरण घ्या. ऊसतोड कामगाराच्या हातातला कोयता हे त्याच्या पोटापाण्याचं साधन आहे. तोच कोयता रात्री ११ वाजता चौकात कोणाच्या शर्टाखाली सापडला तर ती उद्याची बातमी होते. वस्तू तीच असते, जागा आणि कारण बदललेलं असतं. तुमच्या फोल्डिंग चाकूचंही असंच आहे. ट्रेकच्या बॅगेत, भांड्यांच्या पिशवीत, कांदे-टोमॅटोंसोबत ठेवलेला चाकू आणि शुक्रवारी रात्री जीन्सच्या खिशाला क्लिपने अडकवलेला चाकू, या दोन्हींचं स्पष्टीकरण सारखं देता येत नाही.

आणि ट्रेकर्सना माहीत नसलेला नियम

हे वाचून मी स्वतः चकित झालो.

हरिश्चंद्रगड, रतनगड, सांदण दरी हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड वन्यजीव अभयारण्यात येतो. भीमाशंकरचं जंगलही अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३१ नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय कोणालाही शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येत नाही. आणि या कायद्यात 'शस्त्र' म्हणजे काय? बंदुका, धनुष्यबाण, जाळी, सापळे यांच्या यादीत चाकू हा शब्दही स्पष्ट लिहिलेला आहे. त्याला लांबीची अट नाही.

आता फळं कापायच्या सुरीवरून कोणी तुम्हाला लगेच पकडेल असं नाही. पण कंबरेला लटकवलेला मोठा चाकू वनरक्षकाने बघितला आणि त्याने हटकलं, तर कायदा तुमच्या बाजूने नाही, एवढं लक्षात ठेवा. आणि शेकोटीसाठी फांद्या तोडायला मोठा चाकू हवा असा विचार असेल, तर अभयारण्यात झाडाला हात लावणं हाच वेगळा गुन्हा आहे.

"पण सेफ्टीसाठी असावा ना एखादा?"

हा प्रश्न ग्रुपवरच्या एका मैत्रिणीने विचारला. ती रात्रीच्या शिफ्टवरून एकटी घरी येते. त्यामुळे हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत आहे, कलम ३४ पासून पुढे. पण बचावासाठी जेवढी गरज आहे त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही, अशी मर्यादाही त्यात आहे. चाकूने 'थोडीच इजा' ठरवून करता येत नाही. धोकादायक हत्याराने दुखापत केल्याचं कलम ११८ वेगळंच आहे आणि तुम्ही फक्त स्वतःला वाचवत होता, हे नंतर पटवून द्यावं लागतं.

कायदा बाजूला ठेवला, तरी व्यवहाराचा प्रश्न उरतो. फोल्डिंग चाकू बॅगेतून काढायचा, उघडायचा, लॉक बसला का बघायचा, तेही घाबरून हात थरथरत असताना. समोरच्याने तो हिसकावला तर काय? तिला मी शेवटी हेच सांगितलं की फोनवर ११२ चं इमर्जन्सी बटण सेट कर, लोकेशन शेअर करून ठेव आणि मोठा आवाज करणारा अलार्म घे. चाकू नको.

रीलमध्ये भारी दिसतो, पण...

मोठ्या घडीच्या चाकूची क्रेझ आपल्याकडे नवी नाही. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा खटक्याचा चाकू हिंदी सिनेमाने घराघरात पोहोचवला. 'वक्त' (१९६५) मधला राजकुमारचा चाकूचा सीन आजही मीममध्ये फिरतो. २०२३ मध्ये तर रामपुरात चौकात २० फुटी चाकू उभारला गेला.

पण पडद्यावरचं पडद्यावर. तलवारीने केक कापला म्हणून वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी पोलीस ठाण्यात बसलेली पोरं महाराष्ट्राने भरपूर बघितली आहेत. तिथे पुरावा म्हणून त्यांचाच व्हिडिओ वापरला जातो. तुमच्या चाकूच्या 'अनबॉक्सिंग'ला किती लाइक येतील हे सांगता येत नाही, पण ते बघणाऱ्यांत पोलिसांचा सायबर सेलही असतो.

मग ट्रेकला नेमकं काय लागतं?

मागच्या पाच ट्रेकमध्ये चाकू कशाकशाला लागला, ते आम्ही ग्रुपवर लिहून काढलं. कांदा, टोमॅटो, काकडी, मॅगीचं पाकीट, नायलॉनची दोरी, बँडेजची पट्टी. बस्स. यातल्या एकाही कामाला ३ इंचांपेक्षा मोठं पातं लागत नाही.

मोठ्या पात्याचा उपयोग आहे, नाही असं नाही. कलिंगड, मोठा ब्रेड, मासळी, दहा माणसांचा स्वयंपाक यासाठी ४ इंच बरे पडतात. पण फोल्डिंग चाकूचा सगळा भार एका खिळ्यावर आणि छोट्याशा लॉकवर असतो. पातं जितकं लांब, तितका त्या सांध्यावर ताण जास्त. दगड मारून लाकूड फोडायला गेलात, तर आधी लॉक तुटणार आणि पातं तुमच्याच बोटांवर मिटणार. जड कामाला घडीचा चाकू नाहीच चालत.

तरी घ्यायचाच असेल, तर हे बघा

* लॉक: चाकू उघडा, मिटण्याच्या वाटेत बोटं ठेवू नका आणि पात्याची बोथट बाजू लाकडी पाटावर हळूच दाबा. लॉक सुटला किंवा पातं डुगडुगलं, तर परत करा.
* मिटलेला चाकू: टोक पूर्ण आत जायला हवं. बाहेर डोकावत असेल तर खिसाही फाटतो आणि हातही.
* उघडण्याची पद्धत: बटण दाबल्यावर झटकन उघडणारा, खटक्याचा चाकू टाळा. नखाने किंवा अंगठ्याने उघडायचा घ्या.
* स्टील: कार्बन स्टीलला धार छान लागते, पण कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या पावसात ते दोन दिवसांत गंजतं. आपल्याकडे स्टेनलेस बरं. 'सर्जिकल स्टील' एवढंच लिहिलं असेल तर त्यातून काहीच कळत नाही.
* रूप: लाकडी किंवा साधी रंगीत मूठ बघा. कवटी, काळं पातं, करवतीचे दाते यांनी कांदा जास्त चांगला कापला जात नाही.
* बिल: फोनमध्ये जपून ठेवा.

प्रवासाचंही लक्षात ठेवा. विमानात हँडबॅगेत चाकू चालत नाही, तो चेक-इन सामानात टाका. मेट्रोच्या आणि मॉलच्या तपासणीतही अडवतील. शिकायला ब्रिटनला जाणाऱ्यांनी तर जास्तच काळजी घ्यावी. तिथे ३ इंचांपर्यंतच्या पात्याचा, लॉक न होणारा घडीचा चाकूच कारणाशिवाय बाळगता येतो. लॉकचा असेल, तर लहान असला तरी सबळ कारण द्यावं लागतं.

शेवटी काय ठरलं?

विकत घेण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. या चाकूने मी नेमकं काय कापणार? तो कुठे ठेवून, कुठे नेणार? आणि पोलिसाने किंवा वनरक्षकाने "हा कशाला?" असं विचारलं, तर माझं उत्तर एका वाक्यात आणि खरं असेल का? तिसऱ्या प्रश्नाला अडखळलात, तर कार्ट रिकामी करा.

आमच्या ग्रुपवर तिघांपैकी दोघांनी ऑर्डर रद्द केली. तिसऱ्याचा चाकू आला, पण आता तो त्याच्या आईच्या ताब्यात आहे. ती त्याने नारळाच्या शेंड्या काढते. पुढच्या ट्रेकला आम्ही घरातली छोटी सुरी पुठ्ठ्यात गुंडाळून, भांड्यांच्या पिशवीत तळाशी ठेवून नेतोय. आणि जिथे अभयारण्य आहे, तिथे तीही नाही. त्या दिवशी कांदा घरूनच चिरून नेणार.